बेचाळीस नंबरचे आजोबा

घरोघर जाऊन लोकांचे आजार लिहून घेणं हे काही फार मानाचं काम नव्हे. दार उघडणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी विकायला आली आहे. दार न उघडणाऱ्याला तर तशी खात्रीच असते. तरी यादीताईने हे काम एकोणतीस वर्षं केलं, आणि तेवढ्या काळात दार तोंडावर आपटलं गेलं ते फार तर पाच-सहा वेळा. त्यातल्याही चौघांनी पुढच्या वर्षी आपण होऊन खुर्ची पुढे सरकवली.

यादीताई हे नाव तिला गल्ल्यांनी दिलं. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखात होतं. शहराच्या आरोग्य खात्यात ती नोंदणी विभागाची मुख्य कारकून. मुख्य म्हणजे काय, तर बाकीचे दोघे तिच्या आधी घरी जायचे. विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, तीन टेबलं, एक संगणक आणि एक खिडकी, जी उघडली की कागद उडायचे आणि बंद केली की माणसं उकडून निघायची. दरवर्षी घरोघर फिरून कुणाला कोणता आजार आहे, कोणती गोळी चालू आहे, याची नोंद करायची. त्यावरून औषधभांडार गोळ्या मागवणार, आणि तळमजल्यावरच्या फोनखोलीतल्या आठ मुली लोकांना आठवण करून देणार, की आजी, रक्तदाबाची गोळी घेतलीत का; काका, तपासणीची तारीख परवा आहे. हे सगळं लोकांच्या करातून चालायचं, आणि खरं सांगायचं तर बरं चालायचं. सरकारी कामाबद्दल असं वाक्य लिहायची संधी फारशी मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता गुडघेदुखी कुणीही सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो. पण काही आजार माणसं नवऱ्यापासून लपवतात, सासूपासून लपवतात, धंद्यातल्या भागीदारापासून तर लपवतातच. छापील अर्जाच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं, ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ यादीताईला ते वाक्य कधी पटलं नाही. कोण ठेवणार, कुठे ठेवणार, काही पत्ताच नाही. ते वाक्य ज्याने लिहिलं त्याने जन्मात कुणाच्या दाराची घंटा वाजवली नसावी. ती आपली समोरच्याकडे सरळ बघायची आणि म्हणायची, ‘‘हे माझ्यापाशी राहील.’’ एवढं म्हटलं की माणसं बोलू लागायची.

शब्द दिला की तो पाळायची सोयही करून ठेवावी लागते, हे तिला तिच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं. हे साहेब म्हणजे अतिशय संशयी गृहस्थ. कुलूप लावल्यावर ते चारदा ओढून बघणाऱ्यांपैकी. त्यांनी खात्याच्या नियमावलीच्या शेवटच्या पानावर एक कलम घालून घेतलं होतं, आणि ते गेल्यावर यादीताईखेरीज ते पान कुणी उलटलं नसावं. कलम असं, की यादीची प्रत कुणालाही देताना तिच्यात एक खुणेचा माणूस घालायचा. म्हणजे मुळात नसलेला माणूस. प्रत्येक प्रतीत त्याचा आजार वेगळा. कुठल्या प्रतीत कोणता आजार ते कागदावर लिहायचं, पाकीट बंद करून त्यावर शिक्का मारायचा आणि ते खजिन्याच्या तिजोरीत ठेवायचं. उद्या यादी फुटली, तर ती कुठून फुटली हे त्या माणसाच्या आजारावरून कळणार.

यादीताईने खुणेचा माणूस म्हणून एक आजोबा तयार केले. वय चौऱ्याऐंशी, घरात एकटे, पत्ता पंपाच्या गल्लीतलं बेचाळीस नंबरचं घर. त्या गल्लीत घरं एकेचाळीसच. बेचाळिसावं असायला हवं तिथे पाणीपुरवठ्याच्या पंपाची खोली आहे, आणि तिच्यात राहायचं तर माणसाला बारा महिने गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागेल. आजोबांसाठी तिने एक स्वस्तातला फोन घेतला आणि तो आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर साखरेच्या डब्याशेजारी ठेवला. फोनखोलीच्या मुली मूळ यादीवरून काम करायच्या, त्यात आजोबा नव्हतेच. ते फक्त बाहेर जाणाऱ्या तीन प्रतींत. औषधभांडाराच्या प्रतीत त्यांचे गुडघे दुखायचे. संगणक सांभाळणाऱ्या कंपनीच्या प्रतीत त्यांना ऐकू कमी यायचं. आणि खात्याच्या उपप्रमुख साहेबांच्या कार्यालयाकडे जाणाऱ्या प्रतीत त्यांना मोतीबिंदू होता. इतक्या वर्षांत तो फोन एकदाही वाजला नाही, तरी दर रविवारी तो चार्ज करायचं तिने कधी चुकवलं नाही.

निवडणुकीला दीड महिना राहिला असताना एका दुपारी तो वाजला.

घरी तेव्हा सासरे होते. यादीताईचा नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून सून आणि सासरा एकमेकांना धरून होते. धरून म्हणजे दिवसातून तीन वेळा भांडून. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं शहराची बस चालवली. ऐंशी वर्षांच्या वयात त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, हातून अपघात एकही नाही. दोन, चष्मा अजून नाही. संध्याकाळी यादीताई घरात शिरली तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात तिची वाटच बघत होते.

‘‘सूनबाई, मला मोतीबिंदू झालाय असं तू गावभर का सांगत सुटली आहेस?’’

‘‘कोण म्हणालं?’’

‘‘फोन आला होता, त्या फळीवरच्या फोनवर. पोरगी गोड बोलत होती. आजोबा, मोतीबिंदूचा त्रास कमी आहे का? मी म्हटलं, बाई, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले मोजे मोजून दाखवू का? तर म्हणते, आमच्या पक्षाने तुमच्या डोळ्यांची काळजी घेतली, आता मतदानाला तुम्ही पक्षाची काळजी घ्या. मी दहा मिनिटं समजावत होतो, की माझे डोळे उत्तम आहेत. ऐकायलाच तयार नाही.’’

‘‘गुडघ्यांचं विचारलं नाही? कानांचं?’’

‘‘डोळे. तीनदा म्हणाली डोळे. आणि गुडघ्यांना काय झालंय माझ्या?’’

यादीताईने फळीवरचा फोन हातात घेतला आणि आलेला नंबर बघितला. तो तिला तोंडपाठ होता. तळमजल्यावरच्या फोनखोलीचा नंबर. ती स्टुलावर बसली. म्हणजे यादी लोकांच्या आजारांची, फोन लोकांच्या पैशाचा, मुलींचा पगार लोकांच्या करातला, आणि प्रचार तेवढा सत्तेतल्या पक्षाचा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खोटं कशाला बोला, त्या रागात थोडा आनंदही होता. इतकी वर्षं लावून ठेवलेल्या सापळ्यात पहिल्यांदा काहीतरी अडकलं होतं, आणि ते उपप्रमुखांच्या दालनातून आलं होतं, यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

तो आनंद दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजेपर्यंत टिकला.

नऊ वाजता ती शिंपीणबाईंच्या दुकानात गेली, कोटाचं अस्तर बदलायला टाकलं होतं ते आणायला. दुकान शिंपीणबाई आणि त्यांची थोरली जाऊ अशा दोघींचं. चौदा वर्षांची भागीदारी. कापायचं शिंपीणबाईंनी, शिवायचं जाऊबाईंनी. शिंपीणबाईंच्या कापण्याला त्या भागात तोड नव्हती. त्या कापडावर खडूची रेघही क्वचित मारायच्या. अकरा वर्षांपूर्वी एक वर्ष त्यांना फार वाईट गेलं होतं. तेव्हापासून त्या मनाच्या आजाराची गोळी घ्यायच्या, रोज एक, सकाळी. गोळी खात्याकडून फुकट मिळायची, पण यादीत नोंद असेल तरच. म्हणून त्यांनी ते यादीताईला सांगितलं होतं. घरात कुणालाच नाही.

त्या सकाळी शिंपीणबाई कोपऱ्यात बसून काजं करत होत्या. कापायच्या टेबलापाशी जाऊबाई उभ्या होत्या आणि एका चांगल्या लोकरी कापडाची वाट लावत होत्या. यादीताईला बघून शिंपीणबाई उठल्या आणि तिला बाहेर पायरीवर घेऊन आल्या.

‘‘परवा दुकानात फोन आला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जाऊबाईंनी घेतला. मुलगी म्हणाली, मनाच्या आजाराची गोळी वेळेवर घेता ना, त्या गोळ्या आमच्या पक्षामुळे फुकट मिळतात. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हटलं, आणि फोन ठेवला.’’

यादीताई पायरीवर बसली.

‘‘मोठी कात्री आता त्यांच्या कपाटात असते. कुलूप लावून. मला म्हणाल्या, काही दिवस कापायचं मी बघते, तू काजं कर. अकरा वर्षं गोळी घेऊन मी त्याच कात्रीने कापतेय, बाई. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा कोट मी कापला. तेव्हा नाही कुणाला भीती वाटली.’’ शिंपीणबाईंचा आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड झालं. ‘‘तू म्हणाली होतीस, तुझ्यापाशी राहील. आता माझ्या दारावर येऊ नकोस.’’

त्यांनी आत जाऊन कोट आणून दिला. पैसे घेतले नाहीत.

यादीताई रस्त्यावर आली आणि तिला लाज वाटली. नुसती लाज, दुसरं काही नाही. यादी साहेबांनी फोडली हे खरं. पण शिंपीणबाईंना शब्द साहेबांनी दिला नव्हता. तो तिने दिला होता, आणि तसाच शब्द अकरा हजार दारांवर दिला होता. चौदा महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. हे असंच राहिलं तर त्या अकरा हजारांतल्या एकाही दारासमोरून तिला मान वर करून जाता येणार नव्हतं. कोट हातावर टाकून ती ऑफिसात पोचली तोवर काय करायचं ते तिचं ठरलं होतं. कसं करायचं तेही बऱ्यापैकी ठरलं होतं.

फोनखोलीतल्या मुलींना तिने आधी विचारलं. त्या बिचाऱ्यांना वाटत होतं, ही नवी सरकारी योजनाच आहे. उपप्रमुखांच्या कार्यालयातून नवी यादी आली, बोलायचा मजकूर छापून आला, रोजचे दीडशे फोन झालेच पाहिजेत असा हुकूम आला. छापील मजकुराचा एक कागद तिने मागून घेतला. नवी यादी मात्र कामापुरती देऊन रोज संध्याकाळी परत नेत होते.

उपप्रमुख साहेबांनी तिला त्याच दिवशी बोलावलं. हे साहेब इतके गोड बोलायचे, की त्यांच्या दालनातून बाहेर पडल्यावर माणूस आपल्या खिशाला हात लावून बघायचा. त्यांनी चहा मागवला.

‘‘ताई, निवृत्तीला किती राहिलं?’’

‘‘चौदा महिने.’’

‘‘छान. एवढी वर्षं डाग नाही. मग शेवटी शेवटी ही फोनखोलीतली विचारपूस कशाला? अहो, पक्षाचे कार्यकर्ते घरोघर फिरले, लोकांनी राजीखुशीने माहिती दिली. त्यांची यादी वेगळी, आपली वेगळी. योगायोगाने सारखी.’’ त्यांनी एक टंकलेला कागद पुढे सरकवला. ‘‘नोंदणी विभागातून यादी बाहेर गेलेली नाही, एवढंच आहे यात. इथे सही.’’

यादीताईने कागद वाचला, चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला.

‘‘चहा चांगला होता, साहेब. सही होणार नाही.’’

‘‘नीट विचार करा.’’

‘‘केला. म्हणूनच बसून चहा घेतला.’’

आजोबांचा तिने अवाक्षरानेही उल्लेख केला नाही. साहेबांच्या टेबलावर पत्ते उघडे टाकायला ती काही आज नोकरीला लागली नव्हती. त्याच दुपारी तिने चौकशी आयुक्तांकडे एकपानी तक्रार दिली. लोकांची माहिती आणि लोकांचा पैसा यांच्या गैरवापराची चौकशी करणं हे त्यांचं काम. तक्रारीत तिने फोनखोलीचा नंबर दिला, छापील मजकुराचा कागद जोडला, आणि तिजोरीत खात्याचं एक शिक्काबंद पाकीट आहे, ते सुनावणीला आणावं, अशी विनंती केली. पाकिटात काय आहे ते लिहिलं नाही.

बातमी फुटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचा एक पुढारी फळांची टोपली घेऊन घरी हजर झाला.

‘‘ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे शहर उभं आहे,’’ तो म्हणाला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. ‘‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. मोर्चा काढू, सभा घेऊ. फक्त एक करा. ती यादी आम्हालाही द्या.’’

‘‘कशाला?’’

‘‘ज्यांची माहिती फुटली त्यांना आम्ही फोन करून धीर देऊ.’’

‘‘म्हणजे त्यांनी विचारलं, मोतीबिंदू कसा आहे,’’ यादीताई म्हणाली, ‘‘आणि तुम्ही विचारणार, मोतीबिंदूबद्दल कुणी विचारलं का.’’

पुढारी हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबला. सासऱ्यांनी टोपली उचलून त्याच्या हातात दिली आणि त्याला जिन्यापर्यंत पोचवून आले. टोपलीतलं एक सफरचंद कमी झालं होतं, हे यादीताईला जेवणानंतर कळलं.

सुनावणी तीन आठवड्यांनी झाली. खोली लहान, खुर्च्या कमी, माणसं जास्त. आयुक्तबाईंना सर्दी झाली होती आणि त्यामुळे त्या कुणालाही लांबण लावू देत नव्हत्या. एका बाजूला उपप्रमुख साहेब, त्यांच्या शेजारी सत्तेतल्या पक्षाचे वकील, मागे पक्षाचे तीन कार्यकर्ते. दुसऱ्या बाजूला यादीताई, आणि मागे सासरे, जे बोलावलेलं नसताना आले होते.

वकिलांनी बोलायला सुरुवात केली आणि दोन माणसांनी पाठोपाठ सहा खोकी आत आणली. पक्षाने कुठलीही सरकारी यादी वापरलेली नाही, वकील म्हणाले. कार्यकर्ते स्वतः घरोघर गेले, लोकांची विचारपूस केली, प्रत्येकाकडून संमतीचा अर्ज सहीनिशी भरून घेतला. हे बघा, अकरा हजार अर्ज. फोनखोलीच्या मुलींनी उत्साहाच्या भरात पक्षाचं नाव घेतलं असेल, तर ती त्यांची चूक.

मागच्या माणसांनी खोकी बघायला माना उंचावल्या. अकरा हजार सह्या म्हणजे चेष्टा नव्हे. उपप्रमुख साहेबांनी यादीताईकडे बघून अशी काही मान हलवली, की जणू त्यांनाच तिची दया आली. सासऱ्यांनी मागून तिच्या खुर्चीला हात लावला. यादीताईचा मात्र जीव भांड्यात पडला होता. तिला एकच धाकधूक होती, की हे लोक कानावर हात ठेवतील, यादी कुठली, फोन कुठला, आम्हाला काहीच ठाऊक नाही, असं म्हणतील. त्यांनी तर सगळं घरपोच आणून दिलं होतं. आळशी माणसं असती तर वाचली असती. पण ही कष्टाळू निघाली, रात्रंदिवस बसून यादीतल्या एकेका माणसाची सही ठोकत गेली, आणि एकही माणूस सोडला नाही.

‘‘पंपाच्या गल्लीचे अर्ज बघायला मिळतील का?’’ तिने विचारलं.

खोकं उघडलं गेलं. गठ्ठा बाहेर आला. तिने पानं उलटली, एक अर्ज काढला आणि आयुक्तबाईंपुढे ठेवला.

‘‘हा बेचाळीस नंबरच्या आजोबांचा. यांच्याकडे कोण गेलं होतं?’’

जाकीट घातलेला एक कार्यकर्ता उभा राहिला. ‘‘मी.’’

‘‘घर सापडायला त्रास झाला का?’’

‘‘छे, सरळ शेवटचं घर. आजोबा दारातच बसले होते.’’

‘‘एकटेच असतात ना?’’

‘‘एकटेच. फार वाईट वाटलं, ताई. डोळ्यांनी दिसत नाही बिचाऱ्यांना. मीच हात धरून आत नेलं. बराच वेळ बोलत होते, मुलगा विचारत नाही म्हणून रडले. पक्षाला आशीर्वाद दिले.’’

‘‘आणि सही त्यांनी केली?’’

‘‘माझ्यासमोर. हात थरथरत होता म्हणून मी कागद धरला.’’

सही खरोखरच थरथरत्या हाताची होती. कुणीतरी मन लावून ती केली होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाची सही कशी असेल याचा विचार करून, मध्येच एकदा पेन उचलून. यादीताईला त्या अनोळखी हाताचं क्षणभर कौतुक वाटलं.

‘‘आता ते पाकीट फोडावं,’’ ती म्हणाली.

आयुक्तबाईंनी शिक्का तपासला, तारीख मोठ्याने वाचली, पाकीट फोडलं. कागदावर चार ओळी होत्या. त्यांनी त्या एकदा मनात वाचल्या. मग नाक पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. खुणेचा माणूस, प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. पत्ता, पंपाची गल्ली, घर क्रमांक बेचाळीस. भांडाराच्या प्रतीत गुडघेदुखी, कंपनीच्या प्रतीत बहिरेपणा, उपप्रमुख कार्यालयाच्या प्रतीत मोतीबिंदू. खाली यादीताईची सही आणि खजिन्याचा शिक्का.

‘‘तुम्ही यांचा हात धरलात,’’ आयुक्तबाई जाकीटवाल्याला म्हणाल्या.

जाकीटवाल्याने वकिलांकडे बघितलं. वकिलांनी खोक्यांकडे बघितलं. उपप्रमुख साहेब घड्याळात बघत होते, जणू त्यांना कुठेतरी जायचं होतं, आणि त्या घडीला त्यांना खरंच कुठेही जायला आवडलं असतं.

‘‘मॅडम, एखादा अर्ज चुकून...’’ वकील म्हणाले.

‘‘एखादा?’’ आयुक्तबाई म्हणाल्या. ‘‘उरलेल्यांतल्या दोनशे लोकांना उद्या बोलावते. त्यांनाच विचारू, सही कुणाची.’’

दोनशे बोलावले, एकशे साठ आले, आणि एकानेही ती सही माझी असं म्हटलं नाही. निकाल मतदानाच्या आधी लागला. उपप्रमुख निलंबित झाले. प्रचाराच्या त्या दिवसांचा फोनखोलीचा सगळा खर्च, मुलींच्या पगारासकट, पक्षाकडून वसूल करायचा हुकूम झाला. पक्षाकडची यादी नष्ट करायची, आणि यापुढे एकही प्रत उपप्रमुखांच्या कार्यालयात जायची नाही. विरोधी पक्षाने हा आपलाच विजय असल्याचे फलक चौकाचौकांत लावले. सासऱ्यांनी ओळखीच्या प्रत्येक बसचालकाला हकीकत सांगितली, आणि प्रत्येक वेळी सुनावणीत ते स्वतः थोडं जास्त बोलले.

यादीताई खूश होती. का नसावं? तिने एकटीने, आवाज न चढवता, एका पक्षाला आणि एका साहेबाला खाली बसवलं होतं, आणि हे आपल्याला जमणार याबद्दल तिला पहिल्या दिवसापासून शंका नव्हती. पण हुकमाने कागद नष्ट होतात. जाऊबाईंनी फोनवर जे ऐकलं ते नष्ट करायचा हुकूम कुणाला काढता येतो? शिंपीणबाईंच्या दुकानावरून ती रोज जायची. आत काजं चाललेली दिसायची. येऊ नकोस म्हटलं होतं, म्हणून ती थांबायची नाही.

पुढच्या वर्षीची नोंद सुरू झाली. तिची शेवटची. नव्या उपप्रमुखांनी सांगितलं, झालं गेलं विसरा, दारावर जुना विषय काढू नका, लोक बिथरतील. यादीताईने हो म्हटलं आणि पहिल्याच दारावर जुना विषय काढला. ‘‘गेल्या वर्षी तुम्ही मला सांगितलेलं माझ्या खात्यातून बाहेर गेलं. मी शब्द दिला होता, तो मोडला. यंदा सांगायचं नसेल तर सांगू नका.’’ हे ती प्रत्येक दारावर म्हणाली, अकरा हजार वेळा. तीनशेच्या वर लोकांनी दार लावून घेतलं. तिने प्रत्येक वेळी नमस्कार केला. काहींनी आत बोलावून खरपूस समाचार घेतला, तो तिने बसून ऐकला. बाकीच्यांनी सांगितलं. पूर्वीपेक्षा थोडं कमी, पण सांगितलं.

चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर तिने घंटा वाजवली, तेव्हा कोण राहायला आलंय हे तिला ठाऊक नव्हतं. दार शिंपीणबाईंनी उघडलं.

त्यांनी भागीदारी मोडली होती. खोली एकच, पण उजेडाची. मधोमध नवं टेबल, त्यावर अर्धवट कापलेलं निळं कापड. यादीताई दाराबाहेरच उभी राहिली.

‘‘तुम्ही इथे आहात हे माहीत नव्हतं. नको असेल तर मी पुढे जाते.’’

शिंपीणबाई दारातून बाजूला झाल्या. ‘‘बस,’’ त्या म्हणाल्या आणि टेबलापाशी जाऊन कापू लागल्या.

यादीताई बसली. अर्ज मांडीवर होता. दारावरचं ते वाक्य म्हणायला तिने तोंड उघडलं, तर शिंपीणबाई म्हणाल्या, ‘‘ऐकलंय. सगळीकडे सांगत फिरते आहेस म्हणे.’’ आणि मान वर न करता त्या बोलू लागल्या. वेगळं झाल्यावर पहिले दोन महिने झोप नव्हती. डॉक्टरांनी गोळी बदलली. आता झोप लागते, पण सकाळी हाताला कंप असतो, म्हणून कापायचं काम दुपारी. एक दिवस मात्र फार वाईट गेला. त्या दिवशी त्यांनी कात्री स्वतःच उचलून खालच्या चपलावाल्याकडे ठेवायला दिली होती. दुसऱ्या दिवशी परत आणली. हे त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

नव्या गोळीचं नाव विचारावं म्हणून यादीताईने पेनाचं टोपण काढलं. कात्री थांबली.

‘‘मी तुला सांगतेय,’’ शिंपीणबाई म्हणाल्या. ‘‘तुझ्या यादीला नाही.’’

‘‘पण मग गोळी...’’

‘‘विकत घेते. यादीत नाव नको.’’

त्यांच्या वाटणीची गोळी भांडारात फुकट पडून होती, त्यांच्याच कराच्या पैशाने आणलेली, आणि एवढं सगळं जिंकूनही यादीताईला ती त्यांच्या हातात देता येत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते लपवलं नाही. तिने पेन पिशवीत टाकलं.

‘‘डॉक्टरांना मात्र सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘हवं तर मी बरोबर येते.’’

‘‘गुरुवारी ये,’’ शिंपीणबाई म्हणाल्या.

त्या आणखी अर्धा तास बोलल्या आणि यादीताईने ते सगळं ऐकून घेतलं. मग खाली उतरताना जिन्यातच थांबून तिने अर्ज भरला. आजाराच्या रकान्यात लिहिलं, ‘सांगितला नाही.’ खाली सही केली, आणि ती शेजारच्या दाराकडे वळली.